.४५८ विंचेस्टर मॅग्नमसाठी सरावाच्या स्वस्त गोळ्या कशा निवडाव्यात

१९५६ साली आलेल्या, मोठ्या शिकारीच्या रायफलीतल्या या काडतुसाची नेहमीची गोळी ५०० ग्रेनची (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचे एकक). आफ्रिकेत रानम्हशीसमोर ती हवीच. पण कागदी लक्ष्यावर रोज तीच झाडली, तर खिसा रिकामा होतो आणि धक्क्याच्या धास्तीने चाप ओढण्याआधीच दचकायची खोड लागते. अमेरिकेत घरी काडतुसे भरणारे म्हणूनच सरावाला हलकी गोळी घेतात.

आधी व्यास पाहा. जुन्या .४५-७० या रायफलीच्या काडतुसासाठी आज मिळणाऱ्या जॅकेटवाल्या, म्हणजे वरून धातूचे पातळ आवरण असलेल्या गोळ्याही ०.४५८ इंचाच्याच असतात. ३०० ते ४०५ ग्रेनमधला स्वस्त माल तिथेच शोधावा. नावातल्या ४५ ला भुलून पिस्तुलाच्या गोळ्या आणू नका. त्या ०.४५१-०.४५२ इंचाच्या असल्याने या नळीत सैल पडतात.

वजन ३५० ग्रेनच्या आसपास ठेवावे. पातळ जॅकेटमुळे ही गोळी मोठ्या जनावरावर लवकर फुटते. कागदाला त्याचे काय!

सर्वांत स्वस्त पडते ती ओतीव शिशाची गोळी. एक पौंड धातूत ५०० ग्रेनच्या १४, तर ३५० ग्रेनच्या २० गोळ्या होतात. मात्र इथे माप चुकवून चालत नाही. तेल लावलेल्या स्वच्छ नळीतून मऊ शिशाचा गोळा हळूहळू ठोकत पार न्या, मायक्रोमीटरने मोजा आणि गोळी त्यापेक्षा ०.००१ ते ०.००२ इंच जाड घ्या. बारीक गोळीच्या कडेने गरम वायू निसटतो, शिसे वितळून नळीला चिकटते आणि नेम बिघडतो. वेग जास्त ठेवायचा असेल तर बुडाला तांब्याची टोपी, म्हणजे गॅस चेक असलेलीच घ्यावी.

पेटी घेण्याआधी थोड्याच गोळ्या आणा. बंदुकीची दारू आणि ती पेटवणारी टोपी, म्हणजे प्राइमर, न घालता दोन-तीन नकली काडतुसे बनवून मॅगझिनमधून चालवून पाहा, कारण आखूड, चपट्या नाकाची गोळी काही रायफलींत अडकते. गोळीवर क्रिंपची खाच, म्हणजे काडतुसाच्या केसचे (पितळी नळकांड्याचे) तोंड दाबून बसवायची खाच हवीच, नाहीतर धक्क्याने मॅगझिनमधल्या गोळ्या केसमध्ये आत सरकतात. दारूचे माप त्याच गोळीसाठी छापलेल्या पुस्तकातून घ्यावे. अंदाजाने ते कमी करणेही धोक्याचेच.

हलकी गोळी वेगळ्या जागी लागते. १०० यार्डांवर फरक मोजून लिहून ठेवा आणि शिकारीआधी ५०० ग्रेनच्या गोळ्यांनीच दुर्बीण पुन्हा जुळवा.