रँडम नंबरचा कोड स्वतः लिहिताय? मग या चुका टाळा

मागच्या उन्हाळ्यात परभणीला बहिणीकडं गेलतो, ऊन असं की पोरं दिवसभर घरात कोंडलेली, म्हणलं चला मोबाईलवर सापशिडी करून देतो. फाशासाठी लायब्ररी कशाला, मीच लिहिला: मागच्या आकड्याला १६६४५२५ नं गुणायचं, १०१३९०४२२३ मिळवायचे, ३२ बिटच्या (म्हणजे ०-१ च्या ३२ घरांच्या) पलीकडं सांडलं ते सांडू द्यायचं. मग ६ नं भागून बाकी, त्यात १ मिळवला, झाला फासा.

नियम असा की ६ पडल्याशिवाय सोंगटी सुटत नाही, आणि ६ ला जादा डाव नाही. धाकटा १०० वर जाऊन मोकळा, थोरल्याची सोंगटी काही सुटेना, शेवटी चिडून म्हणला, "मामा, तुमचा फासाच खोटा हाय."

आणि होताच की हो खोटा! या पद्धतीत सगळ्यात खालचा बिट नुसता ०, १, ०, १ करत बसतो, म्हणजे एक आकडा सम, पुढचा विषम. ६ नं भागून बाकी काढली तरी सम-विषम तेच राहतं, आणि दोघं आलटून पालटून टाकणार, मग एकाला जन्मभर १, ३, ५ आन् दुसऱ्याला २, ४, ६. इलाज सोपा, वरचे बिट वापरा: १६ घरं उजवीकडं सरकवून मग बाकी काढा, नाहीतर आकडा ६४ बिटमध्ये घेऊन ६ नं गुणा आणि ३२ घरं उजवीकडं सरकवा, भागाकार वाचतो आणि फास्ट पण पडतं.

मग मी एक्सॉरशिफ्टवर आलो, रँडम आकडे काढायची दुसरी पद्धत, जॉर्ज मार्साग्लियानं २००३ मध्ये मांडलेलं. १३ घरं डावीकडं, १७ उजवीकडं, ५ डावीकडं, दर वेळी सरकवण्याआधीच्या आकड्याशी एक्सॉर (दोन बिट वेगळे तर १, सारखे तर ०), तीन ओळींत काम खल्लास. पण सीड (सुरुवातीचा आकडा) ० दिला की मेलंच, शून्यातून शून्यच निघत राहतं.

दुसरी चूक लई छुपी. व्हेरिएबल अनसाइन्डच (उणे आकडे न धरणारं) पाहिजे. तपासायला सीड १ द्या, पहिला आकडा २७०३६९, दुसरा ६७६३४६८९, तिसरा २६४७४३५४६१ यायला पाहिजे. साइन्ड घेतलं तर पहिला बरोब्बर येतो, म्हणून आपण खूश, आणि दुसराच चुकतो, कारण उजवीकडं सरकवताना वरून १ भरले जातात. जावामध्ये अनसाइन्ड इंट नाही, तिथं दोन बाणांऐवजी तीन बाण (>>>) टाका.

सीड म्हणून घड्याळातले सेकंद घेणं चालतं, पण एकदाच, प्रोग्रॅम सुरू होताना. लूपच्या आत घेतलं की एका सेकंदात हजार वेळा तोच आकडा. थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं) जास्त असले तर प्रत्येकाला वेगळा सीड.

० ते १ मधला दशांश पाहिजे म्हणून ३२ बिटचा आकडा फ्लोटमध्ये (३२ बिटचा दशांश प्रकार) टाकून ४२९४९६७२९६ नं भागता ना? साधारण ३ कोटी ३५ लाख वेळात एकदा राउंडिंगमुळं पूर्ण १ येतो, आणि त्यावरून ॲरेचा इंडेक्स काढला असेल तर ॲप कोसळतं, ते बी आपल्याकडं नाही, युजरकडं. ८ घरं उजवीकडं सरकवून वरचे २४ बिटच घ्या आणि १६७७७२१६ नं भागा.

आणि हे ओटीपी, पासवर्डला चुकून पण वापरू नका. ३२ बिटच्या एक्सॉरशिफ्टमध्ये बाहेर पडलेला आकडा हीच आतली स्टेट (जिच्यातून पुढचा आकडा निघतो ती) असते, एक आकडा दिसला की पुढचे सगळे कुणीबी काढून दाखवील.