चिप्सच्या बटाट्याचा करार: सही करण्यापूर्वी काय पाहावे

पुणे जिल्ह्यातील आंबेगाव तालुक्यात सातगाव पठारावर खरिपात बटाटा होतो आणि त्यातील चिप्सचा माल कंपनीशी करार करून पिकवला जातो. कंपनीचा माणूस दारात आला की शेतकरी आधी दर विचारतो. माझ्या मते आधी प्रतवारी विचारावी, कारण ठरलेला दर फक्त पास झालेल्या मालाला मिळतो.

साखर जास्त असलेल्या बटाट्याची चकती तळताना काळपट पडते, तर लहान, हिरवा किंवा कापलेला बटाटा चिप्सला चालत नाही. म्हणून किमान आकार मिलिमीटरमध्ये, प्रत्येक दोषाची चालणारी टक्केवारी आणि तपासणीची जागा करारात लिहून घ्यावी. बांधावर नाकारलेला माल त्याच दिवशी मंचरच्या बाजारात नेता येतो. कारखान्याच्या दारात नाकारला, तर परतीचे भाडेही आपल्याच अंगावर पडते. समजा १०० क्विंटल मालाला किलोमागे २० रुपये ठरले, पण १५ क्विंटल नाकारले गेले आणि ते १० रुपयांनी विकावे लागले, तर सरासरी साडेअठराच रुपये हाती येतात.

वजनाबाबतही तितकेच जागरूक राहावे. पावसात काढलेल्या बटाट्याला माती चिकटते आणि मातीची कटती, म्हणजे वजनातली वजावट, कोणी अंदाजाने लावली, तर गाडी भरेपर्यंत बरेच किलो निघून जातात. कटतीचा नियम लेखी हवा आणि काट्याची पावती जागीच घ्यावी.

बेणे, खत व औषध कंपनीने उधार दिले असल्यास त्यांचे भाव आधीच लिहून घ्यावेत. उगवण फसली तर त्या उधारीचे काय, हे विचारायला अजिबात संकोचू नये. बेण्याच्या पिशवीवरील लेबले हिशेब पूर्ण होईपर्यंत जपून ठेवावीत. वाणाच्या हक्काचे कलमही शांतपणे वाचावे, कारण २०१९ साली चिप्स बनवणाऱ्या पेप्सिको कंपनीने एफसी-५ या बटाट्याच्या वाणावर आपला हक्क सांगत गुजरातमधील शेतकऱ्यांवर दावे लावले होते. ते त्याच वर्षी मागे घेतले गेले, तरी तेवढ्या काळात त्या कुटुंबांवर केवढे दडपण आले असेल!

केंद्राचा २०२० चा करार शेती कायदा २०२१ मध्ये रद्द झाला असल्याने त्याच्या भरवशावर राहू नये. पैसे किती दिवसांत मिळतील, उशिराला व्याज किती आणि तंटा कोणापुढे न्यायचा, हे करारातच असावे. जमीन तारण ठेवणारे कलम दिसल्यास सही करू नये. कराराची मराठी प्रत, दोघांच्या सह्यांसह, लागवडीपूर्वी घरी आलेली असावी.