मध, पाक आणि सिरप साठवताना या चुका टाळा

घरातला मध आंबला किंवा साखरेच्या पाकावर बुरशी आली की आपण दोष बहुधा मालाला देतो. प्रत्यक्षात बहुतेक वेळा घात पाण्याने केलेला असतो. असा पदार्थ किती दिवस टिकेल हे त्यात मुळात किती पाणी आहे आणि आपण नकळत त्यात किती भर घालतो, यावरच ठरते.

म्हणूनच सगळ्या बाटल्या एकाच फळीवर एकाच नियमाने ठेवणे ही पहिली चूक. चांगल्या पिकलेल्या मधात पाणी साधारण १७ ते १८ टक्के असते आणि एवढ्या दाट गोडीत जंतूंना वाढता येत नाही, त्यामुळे तो फ्रिजबाहेर वर्षानुवर्षे राहू शकतो. मेपल सिरपमध्ये, म्हणजे मेपल झाडाचा रस आटवून केलेल्या पाकात, साखर ६६ ते ६७ टक्के, म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश पाणी असते. बाटली उघडल्यावर ती फ्रिजमध्येच हवी. समान वजनाची साखर आणि पाणी घेऊन केलेल्या पाकात तर निम्मे पाणीच असते, त्यामुळे तो गार होताच फ्रिजमध्ये ठेवावा आणि साधारण महिनाभरात संपवावा. साखर पाण्याच्या दुप्पट घेतली तर पाक बराच अधिक टिकतो.

मध मात्र फ्रिजमध्ये ठेवू नये. थंडीने तो घट्ट होतो, आणि १० ते १५ अंश सेल्सिअसच्या आसपास तर त्याला सर्वांत लवकर साखर धरते. साखर धरलेला मध भेसळीचा किंवा खराब झालेला आहे असे समजून टाकून देणारी माणसे पाहिली की वाईट वाटते, कारण तो पूर्णपणे खाण्याजोगा असतो. बरणी सुमारे ४० अंशांच्या कोमट पाण्यात ठेवून अधूनमधून ढवळली, तर तो हळूहळू पुन्हा पातळ होतो. थेट आचेवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये घाईने तापवल्यास त्याचा सुगंध उडतो आणि रंग काळपट होतो.

साखर धरलेल्या मधाबाबत एका गोष्टीकडे मात्र लक्ष हवे. ग्लुकोजचे कण खाली बसतात तेव्हा वर उरलेल्या पातळ थरात पाण्याचे प्रमाण वाढते, आणि मधात मुळातच असलेले यीस्ट तिथे जागे होऊ शकते. त्यातच ओला चमचा बुडवला किंवा झाकण सैल राहिले, तर हवेतला ओलावा ओढून घेण्याचा मधाचा स्वभाव उरलेले काम पुरे करतो. पृष्ठभागावर बारीक फेस, झाकण उघडताना सुटणारी हवा आणि आंबूस वास ही आंबल्याची लक्षणे आहेत. असा मध वापरू नये. बरणी काचेची असावी. मध आम्लधर्मी असल्यामुळे लोखंडी किंवा तांब्याच्या भांड्यात तो साठवू नये. कितीही नीट साठवलेला असला, तरी एक वर्षाखालील बाळाला मध देऊ नये, कारण त्यातील बोटुलिझमचे (एका गंभीर विषबाधेचे) बीजाणू साठवणुकीने नष्ट होत नाहीत.

पाकाची सर्वांत सामान्य चूक सहज नजरेतून सुटते. कोमट पाक अर्ध्याच भरलेल्या बाटलीत ओतून लगेच झाकण लावले, की वाफ झाकणाच्या आतल्या बाजूला थेंबांच्या रूपाने साचते आणि तिथून पाकावर ठिबकते. वरचा थर तेवढा पातळ होतो आणि बुरशी नेमकी तिथेच प्रथम धरते. म्हणून पाक स्वच्छ कापडाने झाकून पूर्ण गार होऊ द्यावा आणि मगच बाटली बंद करावी.

बुरशी दिसल्यावर वरचा थर काढून उरलेले उकळून घेण्याची सवय अनेकांना असते. बुरशीने सोडलेली विषारी द्रव्ये उकळण्याने नष्ट होतीलच असे नाही, तेव्हा पाक असो वा सिरप, सगळेच टाकून द्यावे. रिकाम्या बाटलीत तळाशी उरलेल्या जुन्या पाकावर नवा ओतू नये. बाटली गरम पाण्याने धुऊन, उपडी ठेवून, आत एकही थेंब न राहील इतकी कोरडी झाल्यावरच पुन्हा भरावी.