जूनटीन्थ करायचा तर वर्गणी काढून, मोठ्यानं वाचून

१९ जून ते २६ जून हा आठवडा आमचा बचत गट दुसऱ्या कामाला देत नाही. २६ तारीख कोल्हापूरच्या कसबा बावड्यात कुणाला सांगावी लागत नाही. शाहू महाराजांचा जन्मच इथल्या लक्ष्मी विलास पॅलेसमधला. १९ जून मात्र सांगावा लागतो. हा जूनटीन्थ, अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचा गुलामीतून सुटल्याचा सण. तुमच्या गल्लीत करायचा असेल तर असा करा.

आधी हकीकत पक्की करा. लिंकन यांचा गुलाममुक्तीचा जाहीरनामा १ जानेवारी १८६३ ला लागू झाला, पण टेक्सासात मालकांनी माणसं सोडली नाहीत. १९ जून १८६५ ला तिथल्या गॅल्व्हेस्टनमध्ये लिंकन यांच्या बाजूच्या फौजेचे जनरल ग्रेंजर यांनी हुकूम काढला, तेव्हा तिथं मुक्तीची घोषणा झाली. अडीच वर्षं उशिरा! पुढच्याच वर्षापासून तिथले कृष्णवर्णीय लोक हा दिवस साजरा करू लागले. त्याला देशाची सुट्टी मिळायला २०२१ उजाडलं.

कार्यक्रमाचा जीव वाचनात आहे. हुकूम छोटासा आहे. मराठीत करून घ्या आणि एकेक वाक्य एकेका बाईला उभं राहून वाचायला द्या. सगळे गुलाम मुक्त आहेत, हे वाक्य आलं की टाळ्या पडतात. पण लगेच पुढं म्हटलंय की आहात तिथंच शांतपणे राहा आणि मजुरीवर काम करा, बसून खायला मिळणार नाही. हे गाळू नका. आमच्या गटातल्या भांगलणीला जाणाऱ्या बायका इथंच थांबवतात: "मजुरी किती, ते कुठं लिहिलंय?" लिहिलेलं नाहीच. चर्चेला खरी सुरुवात इथून होते. ती अर्धा तास चालली तरी चालू द्या, पुढचं भाषण कापा.

मग आपल्याकडचा धागा जोडा. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अमेरिकेत गुलामी मोडणाऱ्या लोकांना अर्पण केली. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉईस यांना पत्र लिहिलं आणि त्यांचं उत्तरही आलं. १९७२ च्या दलित पँथरनं नाव घेतलं ते तिकडच्या कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर संघटनेवरून. एवढं पुरे. त्या संध्याकाळी पहिला मान तिकडच्या माणसांचा. आपल्याला २६ तारीख आहेच.

पैसा गल्लीतूनच उभा करा. टेक्सासातल्या ह्यूस्टनच्या मुक्त झालेल्या लोकांनी १८७२ साली आपसात पैसे गोळा करून दहा एकर जागा घेतली, ती याच सणासाठी. इमॅन्सिपेशन पार्क नावानं ती आजही आहे. हे कळल्यावर कुणा पुढाऱ्याचा फ्लेक्स लावायची इच्छाच होत नाही. दहा रुपये दिले तरी नाव वहीत चढवा आणि हिशेब सगळ्यांसमोर वाचा.

जेवण लाल. तिकडं या दिवशी लाल सरबत, कलिंगड असतं. सांडलेल्या रक्ताची आठवण आणि टिकून राहिल्याचा मान म्हणून. आपल्याकडं तांबडा रस्सा आहेच. सरबत मात्र लाल अंबाडीच्या वाळल्या बोंडांचं करा, पश्चिम आफ्रिकेतही ते पितात. बोंडं रात्री भिजत घाला, सकाळी त्याच पाण्यात एक उकळी काढून गाळा, चिमूटभर मीठ घाला. गूळ पिवळाधमक घ्या. काळा घातला की रंग मळतो.

पोरांसाठी चालणं ठेवा. टेक्सासच्या ओपल ली बारा वर्षांच्या असताना, १९३९ च्या १९ जूनलाच, गोऱ्या जमावानं त्यांचं घर उद्ध्वस्त केलं. याच बाई २०१६ मध्ये, नव्वदीला टेकलेल्या असताना, या दिवसाच्या सुट्टीसाठी वॉशिंग्टनकडं चालत निघाल्या. गावोगावी अडीच मैल चालायच्या, त्या अडीच वर्षांसाठी. अडीच मैल म्हणजे चार किलोमीटर. दसरा चौकाच्या दिशेनं सकाळी सातला निघा, पुढं चालणाऱ्या मुलीला ही गोष्ट आधीच सांगून ठेवा म्हणजे वाटेत कुणी विचारलं तर तीच सांगेल. पाऊस असणारच, छत्र्या घ्या.