फोनवर ऐकलेलं गुपित

फॅमिली थेरपीत, म्हणजे सगळ्या घराला एकत्र बसवून करायच्या समुपदेशनात, नव्याने येणारे सगळे एकच विचारतात, आधी कुठली पद्धत शिकू? मीही विचारलं होतं. मिनुचिन आणि बोवेन हे थेरपिस्ट, इटलीतला मिलान गट, नॅरेटिव्ह पद्धत असा तक्ता करून भिंतीवर चिकटवला होता. परीक्षेला उपयोग झाला. समोर चार माणसं बसली की तक्ता आठवत नाही.

माझी सुरुवातीची एक केस. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) दहावीतला मुलगा, सारखी पोटदुखी, शाळा बुडते, तपासण्या सगळ्या नॉर्मल. आई, बाबा, आजी आणि तो. मिनुचिन शिकवतात तसं मी आधी कोण कुठे बसतं ते पाहिलं. मुलगा आई आणि आजीच्या मधे, बाबा दाराजवळच्या खुर्चीत. वहीत लगेच 'एनमेश्ड' (एकमेकांत नको इतकं गुंतलेलं घर) असं लिहून मोकळी झाले. हा शिक्का मारायची घाई करू नका. आपल्याकडे नातू आजीजवळ झोपतो, तेवढ्याने सीमारेषा पुसल्या गेल्या असं होत नाही. घरात निर्णय कोण घेतं आणि तो कोण मोडतं, ते बघा.

पण मी खरी अडकले ती दुसरीकडेच. गुरुवारी संध्याकाळी आईंचा फोन. "मॅडम, यांना सांगू नका हं, पण तो तीन आठवडे क्लासलासुद्धा जात नाहीये. मी जातो म्हणून सांगते." मी म्हटलं, "बरं." या एका शब्दाने मी त्या घराच्या भांडणात जाऊन बसले. पुढच्या सेशनला बाबा म्हणाले, "क्लास तरी नीट चाललाय." मी वहीत बघायला लागले. मुलाने माझ्याकडे पाहिलं आणि हसला. त्याला कळलं होतं.

बोवेन याला त्रिकोण म्हणतात. दोघांमधला ताण वाढला की तिसऱ्याला ओढलं जातं. त्या घरात तिसरा कोपरा मुलाचा होता, आता माझाही झाला. मिलान गटाने १९८०च्या लेखात न्यूट्रॅलिटी, म्हणजे थेरपिस्टची तटस्थता, मांडली, ती मला तोंडपाठ होती. मी कुणाची बाजू घेत नव्हते म्हणून स्वतःला तटस्थ समजत होते. पण ज्याचं गुपित तुमच्या खिशात, त्याच्या बाजूचे तुम्ही झालातच, तोंडातून शब्द काढला नाही तरी.

म्हणून पहिल्याच सेशनला सगळ्यांसमोर सांगा: मला वेगळं सांगितलेलं इथे बोलावं लागेल, कसं आणि कधी ते आपण ठरवू. अपवाद एकच. मारहाण किंवा धमकी असेल तर ते खोलीत काढायचं नाही आणि एकत्र सेशनही घ्यायचं नाही. घरी गेल्यावर जिला मार बसतो त्या बाईला त्याची किंमत मोजावी लागते. इथे 'बघू पुढे' चालत नाही.

मी हे सुपरव्हिजनमध्ये, म्हणजे माझं काम तपासणाऱ्या अनुभवी थेरपिस्टला, सांगायला दोन आठवडे लावले, लाजेपोटी. तुम्ही लावू नका, सगळे अडकतात. आणि दर वेळी 'छान चाललंय' म्हणणारा सुपरवायझर मिळाला तर बदला. दोन दिवसांच्या सर्टिफिकेट कोर्सबद्दल माझं मत विचारू नका. 'मी इक्लेक्टिक आहे', म्हणजे सगळ्या पद्धतींतलं थोडं थोडं घेते, हेही पहिल्या वर्षी म्हणू नका. एक पद्धत धरून वर्षभर चुका करा. मी मिलानचे वर्तुळाकार प्रश्न धरले. "याचं पोट दुखलं की आधी कोण उठतं? आजी उठल्या की बाबा काय करतात?" एकाला दुसऱ्याबद्दल विचारायचं. घर कसं चालतं ते उत्तरांतून दिसायला लागतं. दे शेझर-बर्ग या थेरपिस्ट जोडीचा चमत्काराचा प्रश्न (रात्रीत चमत्कार होऊन अडचण गेली तर सकाळी काय वेगळं दिसेल?) मला अजून नीट जमत नाही. मुलं "माहीत नाही" म्हणतात आणि मी गडबडते.

त्या आईंशी मी बोलले. माझं "बरं" चुकलं, तुम्ही स्वतः सांगा, मी शेजारी असेन, असं म्हटलं. पुढच्या सेशनला त्यांनी पदराशी चाळा करत सांगितलं. बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "क्लासवाल्यांचा गैरहजेरीचा मेसेज माझ्याच मोबाईलवर येतो."