आकडे कुणाचे, आलेख कुणाचा?

दापोली-रत्नागिरीकडे मत्स्यविज्ञान किंवा भूगोलात एम.एस्सी. करणाऱ्यांच्या प्रबंधात मजकुराचे संदर्भ बहुधा नीट असतात. आकृत्यांखाली मात्र बिनधास्त 'स्रोत: गूगल'. गूगलने फक्त शोधून दिलं. आलेख ज्या अहवालातला, त्याचं नाव, वर्ष आणि पान लिहायचं.

लिहिताना दोन गोष्टी वेगळ्या ठेवा: आकडे कुणाचे आणि चित्र कुणाचं. समजा, बांगड्याच्या उत्पादनाचा आलेख हवाय. कोचीच्या सीएमएफआरआयच्या (केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था) अहवालातून तो जसाच्या तसा घेतलात तर स्रोत द्या. शोधनिबंध छापायचा असेल तर बहुतेक जर्नलं परवानगीचं पत्रही मागतात. आलेखात फेरफार केलात तर '…वर आधारित' असं लिहा. नुसते रंग बदलले म्हणून तो आपला होत नाही. तक्त्यातले आकडे घेऊन एक्सेलमध्ये स्वतः आलेख काढलात, तर 'आकडेवारी: अमुक अहवाल, आलेख: लेखक'.

मी शक्यतो हा शेवटचा मार्ग धरते. आकडे हाताने भरताना खाचाखोचा कळतात. सीएमएफआरआयचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर, राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागाचं एप्रिल ते मार्च. दोन्हींचे आकडे एकाच रेषेत जोडले की आलेख दिसतो झकास, पण असतो चुकीचा. महिनावार आलेखात जून-जुलैला रेषा आपटते. पावसाळी मासेमारीबंदीमुळे, हे आकृतीखालच्या टिपेत लिहा. परीक्षक विदर्भातले असले तर दुष्काळ पडला समजतील!

उपग्रहचित्रांचं दुखणं निराळं. गूगल अर्थच्या चित्राखालची श्रेयाची ओळ सुबक दिसावं म्हणून कापून टाकतात. ती राहू द्यायची, तशी त्यांची अटच आहे. लँडसॅट या अमेरिकी उपग्रहांची चित्रं वापरायला मोकळी असतात, तरी यूएसजीएसचं (अमेरिकेची भूशास्त्रीय सर्वेक्षण संस्था) नाव द्या. आणि चित्र घेतल्याची तारीख-वेळ हवीच. खाडीचं चित्र भरतीचं की ओहोटीचं, यावर चिखलपट्टा केवढा दिसणार ते ठरतं. दोन वर्षांची चित्रं शेजारी ठेवून 'किनारा खचला' म्हणण्याआधी भरती-ओहोटीचं कोष्टक बघा.

आकृतीचं क्रमांक-शीर्षक वर की खाली, याची पद्धत विद्यापीठाच्या नमुन्यात बघा. एपीए या लेखनशैलीच्या (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची) सातव्या आवृत्तीत दोन्ही आकृतीच्या वर आणि टीप खाली. पुष्कळ ठिकाणी सगळंच खाली लागतं. मजकुरात 'आकृती ३ पाहा' असा उल्लेख नसेल, तर ती आकृती काढून टाकली तरी चालेल.