खेळाडूला सत्तेची हाव सुटली, तर डीएमने काय करावं?

डन्जन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती बसून, पात्रं घेऊन खेळायच्या कथाखेळात विझर्ड, म्हणजे जादूगार पात्र, पाचव्या लेव्हलला पोचला की फायरबॉल हा आगीच्या गोळ्याचा मंत्र त्याच्या हाती येतो. तिथून काही खेळाडूंची भाषाच बदलते. पहारेकऱ्याला धमकाव, दुकानदाराला मोहिनी घाल, जमलं तर सिंहासनही बळकाव. डीएम (डन्जन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) वैतागतो आणि पुढच्या सेशनला अवाढव्य ड्रॅगन आणून त्याला चिरडतो. असं करू नका. खेळाडूला त्यात फक्त तुमचा राग दिसतो, त्याच्या करणीचं फळ दिसत नाही.

आधी ओळखा, हाव पात्राला आहे की खेळाडूला. तो इतरांची पाळी खात असेल, त्यांचे निर्णय स्वतःच घेत असेल, तर खेळातली कुठलीही शिक्षा कामाची नाही. सेशन संपल्यावर त्याला बाजूला घ्या, चहा पिता पिता सरळ सांगा: "तुझा विझर्ड भारी आहे, पण आज रोगला तोंड उघडायला मिळालं नाही." (रोग म्हणजे चोरट्या कसबाचं पात्र.) चारचौघांत नको.

हाव पात्राची असेल तर नियमपुस्तक उघडा. निम्मे परिणाम तिथेच लिहिलेले असतात. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत चार्म पर्सन या मोहिनी मंत्राचा असर संपला की समोरच्याला कळतं, आपल्यावर कोणी मोहिनी घातली होती. नॉक या मंत्राने कुलूप उघडतं, पण तो आवाज ३०० फुटांपर्यंत जातो. फायरबॉल २० फूट त्रिज्येत फुटतो आणि कोणाच्या अंगावर वा हातात नसलेली प्रत्येक ज्वलनशील वस्तू पेटवतो. हे सगळं विसरून आपणच खेळाडूला फुकटची ताकद देत असतो.

आमच्या कॅम्पेनमध्ये, म्हणजे अनेक सेशन चालणाऱ्या कथेत, विझर्डने धान्याच्या कोठारात लपलेल्या तीन दरोडेखोरांवर फायरबॉल टाकला. टाकण्याआधी मी त्याला सांगितलं होतं, "आत गव्हाची पोती रचलेली दिसतायत, हवेत भुसा उडतोय. तरी टाकतोस?" ही पूर्वसूचना कधीच चुकवू नका. पात्राला जे दिसतं ते खेळाडूला कळायलाच हवं, मग निर्णय त्याचा. तो म्हणाला, टाकतो. सहा बाजूंचे आठ फासे पडले, दरोडेखोर मेले, कोठार जळालं.

त्या रात्री मी कागदावर तीनच प्रश्न लिहिले: कोणी पाहिलं, कोणाचं नुकसान झालं, कोणाचा फायदा झाला? पाहिलं पाववाल्याच्या मुलीने. नुकसान गिरणीवाल्याचं. फायदा सावकाराचा, कारण उरलेला गहू त्याने विकत घेतला. पुढच्या सेशनला दोन तांब्याच्या नाण्यांचा पाव एका चांदीच्या नाण्याला, म्हणजे पाचपट झाला. मी भाव सांगितला आणि गप्प बसलो. विझर्डच्या खेळाडूनेच विचारलं, "एवढा महाग का?" तुमच्याही टेबलावर हा प्रश्न खेळाडूकडून यावा. त्याचा फायरबॉल काढून घेऊ नका, त्याच्या फाशांवर गुपचूप दंडही लावू नका.

सत्ता मागितली तर देऊन टाका, सोबत त्या खुर्चीचं कामही द्या. जहागीर मिळाली की पाण्यावरून भांडणारे दोन शेतकरी दारात उभे करा, थकलेला कर वसूल करायला लावा. पण दरबारात बाकीच्या पात्रांनाही जागा द्या: क्लेरिक (पुरोहित पात्र) न्याय सांगेल, रोग बातम्या आणेल. माझ्या अनुभवात असे खेळाडू इथेच खुलतात, कारण त्यांना खरं म्हणजे आपल्या कृतीने जग हललेलं पाहायचं असतं.

एकाच्या कृतीची झळ सगळ्यांना सारखी लावू नका, आणि भरपाईची वाट कायम उघडी ठेवा. आमच्या विझर्डने स्वतःचं सोनं मोडून शेजारच्या गावातून गव्हाच्या गाड्या आणवल्या. त्यात दोन सेशन गेली. गिरणीवाला अजून त्याच्याशी बोलत नाही, पण पाववाल्याच्या मुलीने परवा त्याला आपणहून सांगितलं, सावकाराचं दुसरं कोठार कुठे आहे ते.